४.१२ ऐवजी ४.१० : कंपायलरमध्ये कॉलिंग कन्व्हेन्शन बसवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्यानं स्वतःची छोटी भाषा तयार केली आहे. फ्रंटएंड, म्हणजे भाषा वाचून समजून घेणारा भाग, त्याचा; बॅकएंड, म्हणजे मशीन कोड काढणारा भाग, एलएलव्हीएम या तयार कंपायलर-संचाचा. प्रकल्प शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीसाठी आहे. स्पेक्ट्रोमीटरकडून कार्बन, सिलिकॉन आणि फॉस्फरसची टक्केवारी घ्यायची आणि सीमध्ये आधीच लिहिलेल्या लायब्ररीकडून कार्बन इक्विव्हॅलंट (तिन्हींचा मिळून कार्बनच्या भाषेत एक आकडा) काढून घ्यायचा. तीन फ्लोटांचं (दशांश संख्यांचं) एक स्ट्रक्ट बाय व्हॅल्यू, म्हणजे पत्ता न देता मूल्यांसकट, जातं, एक फ्लोट परत येतो. ६४-बिट रास्पबेरी पायवर उत्तर बरोबर येतं, लिनक्सच्या पीसीवर ‘जवळजवळ बरोबर’ येतं आणि विंडोजवर प्रोग्रॅम कोसळतो. एका फंक्शननं दुसऱ्याला मूल्यं कुठं ठेवून द्यायची याचा ठराव म्हणजे कॉलिंग कन्व्हेन्शन. विद्यार्थ्याचं म्हणणं, “कॉलिंग कन्व्हेन्शन एलएलव्हीएम सांभाळतं ना? मग तीन ठिकाणी तीन तऱ्हा का? आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी वेगळा कोड लिहायचाच असेल तर तो कंपायलरमध्ये कुठं बसवायचा?”

विंडोजचा क्रॅश तुला दिसतोय म्हणून तू त्याच्या मागं लागलायस. मी आधी लिनक्सच्या त्या ‘जवळजवळ’कडं बघणार.

तू दिलेले आकडे आहेत कार्बन ३.४०, सिलिकॉन २.१०, फॉस्फरस ०.०६. सूत्र फौंड्रीतल्या कुणालाही पाठ असतं : कार्बनमध्ये सिलिकॉन आणि फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा मिळवायचा. २.१६ भागिले ३ म्हणजे ०.७२, म्हणून उत्तर ४.१२. तुला मिळतंय ४.१०, आणि तू लिहिलंयस की “फ्लोटची राउंडिंग एरर असावी.” नाही भावा. फ्लोटला साधारण सात अंकांची अचूकता असते, तो दुसऱ्याच दशांशाला घसरत नाही. ३.४० मध्ये २.१० चा तिसरा हिस्सा मिळवून बघ. बरोबर ४.१० येतं. म्हणजे फॉस्फरस कुठंतरी हरवला आणि एवढंच झालं असं वाटेल. प्रत्यक्षात त्याहून गमतीचं घडलंय. सी फंक्शनला सिलिकॉन शून्य मिळालं आणि फॉस्फरसच्या जागी सिलिकॉनचे २.१० मिळाले. सूत्रात दोघांची नुसती बेरीज होते, म्हणून अदलाबदल लपून गेली. खरा फॉस्फरस कुणी वाचलाच नाही.

हे कसं झालं ते नीट बघू, सगळा विषय यातच आहे.

लिनक्सवर ६४-बिट एक्स८६ साठी (पीसीतला नेहमीचा प्रोसेसर) जे कन्व्हेन्शन चालतं त्याला सिस्टिम व्ही एबीआय म्हणतात (एबीआय म्हणजे कंपाइल झालेल्या कोडनं एकमेकांशी बोलायचे नियम). स्ट्रक्ट १६ बाइटपर्यंत असेल तर त्याचे आठ-आठ बाइटचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याचा वर्ग ठरवायचा, असा त्याचा नियम. तुकड्यात एक जरी इंटीजर किंवा पॉइंटर असला तरी तो पूर्ण तुकडा साध्या रजिस्टरमधून (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागेतून) जातो. तुकड्यात फक्त फ्लोट किंवा डबल असतील तर एक्सएमएम, म्हणजे दशांश संख्यांच्या, रजिस्टरमधून. तुझं स्ट्रक्ट १२ बाइटचं. पहिल्या आठ बाइटांत कार्बन आणि सिलिकॉन शेजारी-शेजारी बसले, म्हणून ते दोघं मिळून एकाच एक्सएमएम० मध्ये गेले पाहिजेत. उरलेला फॉस्फरस एक्सएमएम१ मध्ये.

तू काय केलंस? एलएलव्हीएमच्या फंक्शनला तीन फ्लोटांचं स्ट्रक्ट जसंच्या तसं पॅरामीटर म्हणून दिलंस. एलएलव्हीएमनं ते सोलून तीन सुटे फ्लोट केले : कार्बन एक्सएमएम० मध्ये, सिलिकॉन एक्सएमएम१ मध्ये, फॉस्फरस एक्सएमएम२ मध्ये. सी फंक्शननं एक्सएमएम० चा खालचा भाग वाचला, कार्बन मिळाला. त्याच्या वरचा भाग सिलिकॉन म्हणून वाचला, तिथं शून्य होतं, कारण मेमरीतून एक फ्लोट लोड करणारी सूचना रजिस्टरचा वरचा भाग शून्य करते. मग फॉस्फरस म्हणून एक्सएमएम१ वाचलं, तिथं सिलिकॉन. एक्सएमएम२ कडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

विंडोजचं कन्व्हेन्शन निराळंच. तिथं १, २, ४ किंवा ८ बाइटचं स्ट्रक्ट असेल तरच ते इंटीजर असल्यासारखं रजिस्टरमधून जातं. बाकी कुठल्याही मापाचं असेल, अगदी ३ बाइटचं असलं तरी, कॉलरनं, म्हणजे बोलावणाऱ्या फंक्शननं, आपल्या स्टॅकवर (फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीत) त्याची नक्कल करायची आणि नक्कलेचा पत्ता द्यायचा. तुझं १२ बाइटचं, म्हणून सी फंक्शन आरसीएक्स या साध्या रजिस्टरमध्ये पत्ता शोधत होतं. आरसीएक्समध्ये आधीचं काहीतरी पडलेलं होतं, तोच पत्ता समजून वाचायला गेलं आणि कोसळलं. हा क्रॅश तुझ्यावर उपकार करतोय. लिनक्सवर तुझा प्रोग्रॅम चुकीचा आकडा देऊन शांत बसला असता आणि भट्टीवरच्या माणसानं तोच आकडा वहीत लिहिला असता.

पायवर मात्र बरोबर आलं. पायचा प्रोसेसर ६४-बिट आर्म. त्याच्या नियमात एकाच फ्लोटिंग टाइपचे जास्तीत जास्त चार सदस्य असलेल्या स्ट्रक्टला वेगळी वागणूक आहे : प्रत्येक सदस्य स्वतंत्र व्ही रजिस्टरमध्ये (आर्मवरचे फ्लोटचे रजिस्टर) जातो. एलएलव्हीएमनं सोललेले तीन फ्लोट नेमके तिथंच पडले. पण हेही नशिबानं. त्याच फंक्शनला आधी सहा फ्लोट असते, तर आठपैकी दोनच रजिस्टर शिल्लक राहिले असते. अशा वेळी आर्मचा नियम सांगतो की पूर्ण स्ट्रक्ट स्टॅकवर ठेवा. सुटे फ्लोट दिलेस तर एलएलव्हीएम दोन रजिस्टरमध्ये आणि तिसरा स्टॅकवर टाकणार. म्हणून तिथं तीन फ्लोटांचा ॲरे असा टाइप द्यायचा असतो. ॲरे बघितला की आर्मचा बॅकएंड त्याला तोडत नाही, एकत्र ठेवतो.

कॉलिंग कन्व्हेन्शन म्हणजे पंगतीचं पान. मीठ कुठं, चटणी-कोशिंबीर डावीकडं, भाजी उजवीकडं, हे वाढप्याला सांगावं लागत नाही आणि जेवणाऱ्याला शोधावं लागत नाही. वाढपी एका गावचा, जेवणारा दुसऱ्या गावचा आणि वर लाइट गेलेली असली की माणूस कोशिंबीर म्हणून ठेचा तोंडात घालतो. प्रोसेसरला तर कायमच अंधार. रजिस्टरमधल्या बिटांवर ‘मी सिलिकॉन’ अशी चिठ्ठी नसते. जेवण झाल्यावर पान कोणी उचलायचं, हाही पद्धतीचाच भाग. त्याची गोष्ट पुढं येईल.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडं. एलएलव्हीएम कॉलिंग कन्व्हेन्शन सांभाळतं का? अर्धंच. एक फ्लोट, एक ६४-बिट इंटीजर, एक पॉइंटर आला तर तो कितव्या रजिस्टरमध्ये टाकायचा, स्टॅकवर कुठं ठेवायचा, कुठले रजिस्टर जपायचे, हे बॅकएंडला माहीत असतं. प्रत्येक टार्गेटसाठी, म्हणजे कोड ज्यावर चालणार त्या प्लॅटफॉर्मसाठी, टेबलजेन या एलएलव्हीएमच्या वर्णनभाषेत तसे तक्ते लिहिलेले आहेत. पण सीचा नियम सीच्या टाइपवर चालतो, आणि एलएलव्हीएमपर्यंत पोचेस्तोवर तो टाइप उरलेलाच नसतो. तिथं युनियन नाही. इंटीजरला चिन्ह आहे की नाही हे टाइपमध्ये नाही. म्हणून स्ट्रक्टचे तुकडे पाडायचं काम फ्रंटएंडच्या गळ्यात पडतं. क्लँग (एलएलव्हीएमचा सी कंपायलर) सुद्धा ते स्वतःच करतं. त्याच्या सोर्समध्ये कोडजेनच्या आत टार्गेट्स नावाचा फोल्डर आहे, त्यात एक्स८६ ची फाइल उघडून बघ. घाबरू नकोस, पहिल्यांदा मीही मिटून टाकली होती. रस्टचा कंपायलरही एलएलव्हीएम वापरतो, तरी त्यानं हे काम आपल्या कोडमध्ये पुन्हा लिहिलं आहे. सीशी बोलणाऱ्या प्रत्येक भाषेला ही वारी चुकत नाही.

पण त्याआधी एक आळशी मार्ग सांगतो, आणि तो सांगायला मला लाज वाटत नाही. तुला त्या लायब्ररीतली पंधरा-वीसच फंक्शनं लागणार असतील, तर एबीआयच्या फंदात पडूच नकोस. प्रत्येक फंक्शनसाठी सीमध्ये चार ओळींचा पूल लिही : तो स्ट्रक्टचा पॉइंटर घेईल, उत्तर कुठं लिहायचं त्याचा पॉइंटर घेईल, आणि आत मूळ फंक्शनला रीतसर बोलावेल. पूल त्या-त्या प्लॅटफॉर्मच्या सी कंपायलरनं कंपाइल कर. तुझ्या बाजूनं फक्त पॉइंटर जातात आणि पॉइंटरच्या बाबतीत एलएलव्हीएम कधी चुकत नाही. प्रकल्पाची तारीख जवळ असेल तर हेच कर. सिग्नेचर (फंक्शनला दिलेल्या मूल्यांचे, म्हणजे आर्ग्युमेंटांचे, आणि उत्तराचे टाइप) प्रोग्रॅम चालतानाच ठरणार असेल तर लिबएफएफआय ही तयार लायब्ररी आहे, पण कंपायलरमध्ये सिग्नेचर आधीच माहीत असते, म्हणून इथं तो फेरा कशाला.

तरी वापरणाऱ्यानं कुठलंही सी फंक्शन जाहीर करावं आणि ते चालावं असं हवं असेल, तर वेगळा थर लागतो. कोड कसा बसवावा, तर असा. टाइप चेकिंग संपलं आणि एलएलव्हीएमचा कोड निघायला सुरुवात होणार, त्यांच्या मधोमध एकच मोड्यूल ठेव. त्याला फंक्शनची सिग्नेचर दे, प्रत्येक टाइपचा सी-प्रमाणे लेआउट दे, म्हणजे माप, अलाइनमेंट (पत्त्याला कितीनं भाग जायला हवा) आणि कुठल्या ऑफसेटला काय आहे ते, आणि टार्गेट ट्रिपल, म्हणजे प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिम सांगणारं नाव, दे. त्यातून प्रत्येक आर्ग्युमेंटसाठी आणि परतीच्या मूल्यासाठी एकेक निर्णय बाहेर आला पाहिजे. निर्णय चार-पाच प्रकारचेच असतात : जसं आहे तसं दे; ३२ बिटपर्यंत वाढवून दे, चिन्हासह किंवा शून्य भरून; अमुक टाइपचा मुखवटा घालून दे; पत्त्यानं दे; किंवा देऊच नको, जसं लिनक्सवर सीमधलं रिकामं स्ट्रक्ट. तुझ्या स्ट्रक्टसाठी लिनक्सवरचा मुखवटा म्हणजे दोन फ्लोटांचा व्हेक्टर आणि एक सुटा फ्लोट, आर्मवर तीन फ्लोटांचा ॲरे, विंडोजवर पॉइंटर.

या मोड्यूलनं एलएलव्हीएमची एकही सूचना काढायची नाही. फक्त निर्णय द्यायचा. कॉल काढणारा कोड तो निर्णय वाचतो, फंक्शनची सुरुवात काढणारा कोडही तोच निर्णय वाचतो. दोन ठिकाणी वेगवेगळं लिहिलंस की सहा महिन्यांनी ते एकमेकांशी भांडायला लागतात. माझ्या कोडमध्ये भांडले होते. कॉलर दुरुस्त केला, कॉलबॅक (सीनं उलट बोलावायचं आपलं फंक्शन) तसाच राहिला, आणि बग सापडला तेव्हा तो नवा आहे असं समजून मी एक दिवस घालवला.

आणि निर्णय टार्गेटवरून घ्यायचा, कंपायलर ज्या मशीनवर चालतोय त्यावरून नाही. प्रोसेसर एकटा पुरत नाही, प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिम ही जोडी लागते.

तुझ्या भाषेतल्या तुझ्याच फंक्शनांना हे काही लागू नाही. घरात कुणी कसंही जेवावं. गो भाषा तर कितीतरी वर्षं सगळे आर्ग्युमेंट स्टॅकवरूनच देत होती. २०२१ मध्ये १.१७ आवृत्तीत त्यांनी ६४-बिट एक्स८६ वर रजिस्टर वापरायला सुरुवात केली आणि त्यांच्या मोजणीत साधारण ५ टक्के वेग वाढला. जुना असेंब्ली कोड मोडू नये म्हणून जुनं कन्व्हेन्शनही ठेवलं आणि मध्ये आपोआप पूल टाकले. तूही आतल्या फंक्शनांना एलएलव्हीएमचं फास्टसीसी हे वेगवान कन्व्हेन्शन दे आणि उंबऱ्यावर फक्त सीचं वापर. एकच सांभाळ : फंक्शन पॉइंटर. लायब्ररीला कॉलबॅक म्हणून तुझं फंक्शन दिलंस तर ते सीच्या पद्धतीनं बोलावलं जाणार. म्हणून कन्व्हेन्शन हा फंक्शनच्या टाइपचाच भाग कर आणि दोन वेगळ्या कन्व्हेन्शनचे पॉइंटर एकमेकांत टाकले तर टाइप चेकरनंच अडवलं पाहिजे.

आता पान उचलण्याची गोष्ट. ३२-बिट विंडोजच्या काळातली. तेव्हा एकाच मशीनवर अनेक पद्धती नांदत होत्या. सीडेक्लमध्ये आर्ग्युमेंट स्टॅकवर ठेवणारा कॉलरच ते परत उचलतो. एसटीडीकॉलमध्ये कॉली, म्हणजे बोलावलेलं फंक्शन, परतताना उचलून जातो. आम्ही एका फौंड्रीसाठी भट्टीचं तापमान वाचणारा प्रोग्रॅम केला होता, भाषा आमचीच, कंपायलर माझा. तापमान देणाऱ्या कार्डाबरोबर एक डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) आली होती. विंडोजची डीएलएल म्हणजे एसटीडीकॉल असं मी गृहीत धरलं. ती निघाली सीडेक्ल. म्हणजे मला वाटत होतं ते उचलतील, त्यांना वाटत होतं मी उचलेन. दोन आर्ग्युमेंट, प्रत्येकी चार बाइट. प्रत्येक वाचनाला आठ बाइट स्टॅकवर पडून राहायचे.

लोकल व्हेरिएबल ईबीपी या फंक्शनभर स्थिर राहणाऱ्या रजिस्टरवरून वाचले जात होते, म्हणून आकडे सगळे बरोबर. स्टॅक मात्र हळूहळू खाली सरकत होता. विंडोजवर स्टॅक सहसा १ एमबीचा, म्हणजे १०,४८,५७६ बाइट. आठनं भाग दिला की १,३१,०७२ वाचनं. सेकंदाला एक वाचन. झाले सुमारे ३६ तास. प्रोग्रॅम सकाळी सातला सुरू केला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातच्या आत-बाहेर बंद पडायचा. सगळ्यांनी ठरवून टाकलं की दिवेलागणीला व्होल्टेज पडतं म्हणून होतंय. नवा स्टॅबिलायझर आला. तरी साडेसात. एकदा पाळीचा घोळ होऊन प्रोग्रॅम दुपारी दोनला सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशीच्या रात्री अडीचला बंद पडला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भागाकार मी तिथंच चहाच्या टपरीवर सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर केला.

६४-बिट विंडोजवर तो सगळा बाजार संपला, मुख्यतः एकच कन्व्हेन्शन राहिलं आणि पान कॉलरच उचलतो. तरी ३२-बिट डीएलएल जुन्या मशीनवर अजून भेटतात. नावावरून अंदाज येतो : एसटीडीकॉल फंक्शनच्या सजवलेल्या नावाच्या शेवटी ॲट चिन्ह आणि आर्ग्युमेंटांचे एकूण बाइट असतात. पण नावाची सजावट काढून टाकलेलीही असते, तेव्हा हेडर फाइल वाचायची आणि तेवढ्यावरही न थांबता डिसअसेंबल करून शेवटची रेट (परतीची) सूचना बघायची. तिच्यापुढं आकडा असेल तर कॉली उचलतो.

आता जिथं तू नक्की अडखळणार त्या जागा सांगतो.

सिस्टिम व्हीमध्ये इंटीजरसाठी सहा रजिस्टर आहेत : आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९. समज, आधी पाच इंट गेले, मग दोन लाँगचं १६ बाइटचं स्ट्रक्ट आलं, मग आणखी एक इंट. स्ट्रक्टला दोन रजिस्टर लागतात, शिल्लक एक. नियम असा की स्ट्रक्ट तोडायचं नाही, पूर्ण स्टॅकवर, आणि मागून आलेला इंट आर९ मध्ये बसतो. तू दोन सुटे ६४-बिट इंटीजर दिलेस तर एलएलव्हीएम एक आर९ मध्ये आणि दुसरा स्टॅकवर टाकेल. म्हणून सिस्टिम व्हीसाठी तुझ्या मोड्यूलला किती रजिस्टर उरले याचा हिशेब स्वतः ठेवावा लागतो आणि पुरत नसतील तिथं बायव्हॅल ही एलएलव्हीएमची खूण लावावी लागते. आर्मवर स्ट्रक्टला रजिस्टर पुरले नाहीत तर उलटं होतं : स्ट्रक्ट एकदा स्टॅकवर गेलं की इंटीजर रजिस्टर संपले असंच धरतात, मागचा इंटही स्टॅकवरच जातो. हे दोन नियम मी आजही कागदावर लिहून समोर ठेवतो.

बायव्हॅल हा शब्द फसवा आहे. त्याचा अर्थ ‘स्टॅकवरच्या आर्ग्युमेंटच्या जागेत नक्कल कर’. सिस्टिम व्हीमध्ये १६ बाइटहून मोठ्या स्ट्रक्टला तेच हवं. विंडोजवर आणि आर्मवर मोठं स्ट्रक्ट ‘पत्त्यानं’ जातं, तिथं बायव्हॅल लावायचं नाही, नक्कल आपण करून साधा पॉइंटर द्यायचा. नवशिक्यांच्या कोडमध्ये मी सर्वांत जास्त वेळा हीच चूक बघितली आहे. मोठ्या स्ट्रक्टच्या परतीसाठी मात्र एसरेट ही खूण लावायलाच हवी, साधा पॉइंटर चालत नाही. आर्मवर उत्तर लिहायचा पत्ता नेहमीच्या रजिस्टरमधून जातच नाही, तो एक्स८ मधून जातो, आणि हे एलएलव्हीएमला एसरेटवरूनच कळतं. एक्स८६ वर दोन्ही पद्धतींत तो पत्ता पहिल्या आर्ग्युमेंटच्या जागी जातो आणि आरएएक्समधून परतही यावा लागतो.

विंडोजवर रजिस्टर जागेनुसार ठरतो. पहिलं आर्ग्युमेंट इंट असेल तर आरसीएक्स, फ्लोट असेल तर एक्सएमएम०. दुसरं असेल तर आरडीएक्स किंवा एक्सएमएम१. पहिला इंट आणि दुसरा फ्लोट असेल तर फ्लोट एक्सएमएम१ मध्ये जातो, एक्सएमएम० रिकामं राहतं. सिस्टिम व्हीमध्ये दोन्ही रांगा स्वतंत्र, तिथं तोच फ्लोट एक्सएमएम० मध्ये गेला असता. शिवाय विंडोजवर कॉलरनं ३२ बाइटची मोकळी जागा कॉलीसाठी स्टॅकवर सोडायची असते, आर्ग्युमेंट एकही नसलं तरी. एलएलव्हीएम ती सोडतं.

आणि विंडोजवर लाँग चार बाइटचा असतो, लिनक्सवर आठचा. हे कन्व्हेन्शन नव्हे, टाइपचं माप आहे, पण फटका तोच बसतो. तुझ्या भाषेत सीचा लाँग म्हणून वेगळा टाइप ठेव, थेट ६४-बिट इंटीजरला जोडू नकोस.

प्रिंटएफ, म्हणजे सीचं मजकूर छापणारं फंक्शन. त्याच्यासारखी किती आर्ग्युमेंट येतील ते ठरलेलं नसणारी फंक्शनं प्रत्येक प्लॅटफॉर्मवर आपापलं नखरेल वागतात. सिस्टिम व्हीमध्ये किती एक्सएमएम रजिस्टर वापरले याचा आकडा एएल रजिस्टरमध्ये ठेवायचा. विंडोजवर फ्लोट एक्सएमएम आणि त्याच जागेचा साधा रजिस्टर दोन्हींत ठेवायचा. ॲपलच्या ६४-बिट आर्मवर ठरलेल्या आर्ग्युमेंटांनंतरची सगळी आर्ग्युमेंट स्टॅकवर जातात, रजिस्टर रिकामे असले तरी. हे तिन्ही एलएलव्हीएम करतं, पण एका अटीवर : फंक्शनचा टाइप तू व्हेरिॲडिक, म्हणजे कमी-जास्त आर्ग्युमेंट घेणारा, म्हणून जाहीर केलेला पाहिजे. बरेच जण प्रिंटएफला ‘एक पॉइंटर, एक इंट’ असं साधं फंक्शन म्हणून जाहीर करतात आणि लिनक्सवर आयुष्यभर चालवतात. मग कुणीतरी एम१ मॅकवर चालवतो आणि इंटच्या जागी कचरा छापला जातो.

छोट्या इंटीजरांचंही तसंच. बूल, कॅर, शॉर्ट यांच्या वरच्या बिटांत काय असावं? एक्स८६ वर क्लँग कॉली म्हणून असं धरून चालतं की कॉलरनं ते ३२ बिटपर्यंत वाढवून दिलेत. ॲपलच्या आर्मवर ते कॉलरचंच काम म्हणून लिहिलेलं आहे, तर आर्मच्या मूळ नियमात वरचे बिट काहीही असू शकतात. चिन्हासह वाढवायची साइनएक्स्ट किंवा शून्य भरायची झीरोएक्स्ट ही खूण विसरलास तर चाचण्या बहुतेक पास होतात आणि ऑप्टिमायझेशन चालू केल्यावर कधीतरी मोडतात.

पुढं कधी एलएलव्हीएम सोडून स्वतःचा बॅकएंड लिहायची खुमखुमी आली, आणि ती येतेच, तर एक प्रश्न आत्ताच डोक्यात ठेव. तुझ्या फंक्शनला दोन आर्ग्युमेंट आली, ए आरडीआयमध्ये आणि बी आरएसआयमध्ये. ते दुसऱ्या फंक्शनला उलट्या क्रमानं द्यायचेत. आरडीआयमध्ये बी टाकलास की ए गेला. दोनच असतील तर अदलाबदलीची सूचना वापरता येते, पण चार रजिस्टरांचं चक्र झालं की हात गुंततात. उपाय असा : कुठल्या रजिस्टरमधून कुठल्या रजिस्टरमध्ये जायचंय याचे बाण काढ. ज्या रजिस्टरमधून आता कुणालाच वाचायचं नाही त्यात आधी भर, म्हणजे साखळ्या शेपटाकडून सुटत येतात. शेवटी उरतात ती निव्वळ चक्रं. प्रत्येक चक्रातला एक माल बाजूच्या मोकळ्या रजिस्टरमध्ये काढून ठेव की चक्राची साखळी होते. आर्ग्युमेंटसाठी न वापरलेला आर११ या कामाला दोन्ही पद्धतींत बरा पडतो. आपल्याकडं एकाच लेनच्या बोळात चार गाड्या समोरासमोर आल्या की एकाला कुणाच्या तरी अंगणात शिरावं लागतं, तसंच.

स्टॅकचं अलाइनमेंटही तेव्हा तुझ्याच अंगावर येईल. कॉलच्या क्षणी आरएसपीला, म्हणजे स्टॅकचं टोक दाखवणाऱ्या रजिस्टरला, १६ नं भाग गेला पाहिजे. कॉल सूचना आठ बाइटचा परतीचा पत्ता ढकलते, म्हणून फंक्शनच्या आत शिरल्यावर आठ उरतात. विसरलास तर तुझा कोड नीट चालेल आणि क्रॅश होईल सी लायब्ररीच्या पोटात, एखाद्या मूव्हएपीएस सूचनेवर, जिला १६ नं भाग जाणारा पत्ताच चालतो. माणूस लायब्ररीला शिव्या देतो. विंडोजवर याच्या जोडीला एक्सएमएम६ ते एक्सएमएम१५ जपायचे असतात, आरडीआय आणि आरएसआयही जपायचे असतात, आणि फंक्शनची फ्रेम (स्टॅकवरची त्याची जागा) मेमरीच्या एका पानाइतकी, म्हणजे ४०९६ बाइट किंवा जास्त असेल तर पान-पान चाचपत खाली जावं लागतं.

चाचणीबद्दल एकच सांगतो, पण ते पाळ. तुझ्या चाचणीत कार्बन इक्विव्हॅलंट होता म्हणून चूक लपली. चाचणीचं फंक्शन असं हवं की सदस्यांची अदलाबदल झाली की उत्तर बदललंच पाहिजे : पहिला एकपट, दुसरा दसपट, तिसरा शंभरपट, असं. आकडेही वेगळे, शून्य कुठंच नको. मग एक छोटी स्क्रिप्ट लिही जी अटकळपंचे स्ट्रक्ट तयार करेल, एक ते पाच सदस्य, टाइप मिसळलेले, आधी शून्य ते आठ इंट किंवा फ्लोट, आणि प्रत्येकासाठी सीची एक बाजू आणि तुझ्या भाषेची एक बाजू काढेल. चारही दिशा तपास : तू सीला बोलावणं, सीनं तुला बोलावणं, आणि दोन्हीकडून स्ट्रक्ट परत येणं. एखादी केस फसली की तेच सी फंक्शन क्लँगला देऊन त्याचा एलएलव्हीएम आयआर (एलएलव्हीएमला दिला जाणारा मधला कोड) छापून घे आणि तुझ्याशेजारी ठेव. फरक बहुतेक पहिल्याच ओळीत, फंक्शनच्या सिग्नेचरमध्ये दिसतो. मात्र क्लँगला टार्गेट ट्रिपल द्यायला विसरू नकोस, नाहीतर विंडोजचा बग लिनक्सच्या आयआरशी ताडून बसशील.

तुझ्या बाबतीत क्रम असा ठेव. आज रात्री लायब्ररीला पूल लिही आणि फौंड्रीला चालू प्रोग्रॅम दे, त्यांचं काम अडायला नको. त्यांनी मधल्या काळात लिनक्सवरून घेतलेली नोंद असेल तर ती काढून घे आणि पुन्हा मोज. त्यातला प्रत्येक आकडा फॉस्फरसच्या तिसऱ्या हिश्श्यानं कमी आहे, त्यामुळं मूळ टक्केवारी ठेवली असेल तर दुरुस्ती सोपी आहे. मग निर्णय देणारं मोड्यूल विंडोजसाठी आधी लिही. त्याचे नियम सर्वांत थोडे, दोन दिवसांत होईल आणि मोड्यूलचा आकार कळेल. सिस्टिम व्ही त्यानंतर. रास्पबेरी पाय शेवटी, आणि त्याची पहिली चाचणी लिहिताना स्ट्रक्टच्या आधी सहा फ्लोट ठेव.